साडेतीन सेंटिमीटरचा गोल

४ जून
दुपारी यशवंतपूरच्या दुकानात उजव्या हातातून कातर निसटली. पाच मिनिटं बोटं दुसऱ्याच कुणाची. मग परत माझी. सौ.ला सांगितलं नाही. गिऱ्हाइकाचा ब्लाउज वेळेत दिला.

९ जून
हाताचं दाखवायला गेलो, तर डॉ.नी हृदयाचा इको काढला. डाव्या कप्प्यात गाठ, देठाला लोंबते, दर ठोक्याला झुलते. डॉ. म्हणाले, कर्करोगाची वाटत नाही, पण तुकडा सुटून मेंदूत गेला तर हात कायमचा जाईल. हात! बाकी काहीही घ्या म्हणावं. घरी 'बीपी' एवढंच सांगितलं.

१० जून
गाठ साडेतीन सेंटिमीटरची, म्हणजे केवढी? निळ्या अस्तरावर खडूने गोल काढला. सौ. मागेच उभी. "अहो, एवढं काज कुठल्या बटणाचं?" थाप सुचेना. सगळं सांगून टाकलं. रडली, मग चिडली, मग सारू-भात वाढला.

१६ जून
फुप्फुसं आधीच अधू, त्यामुळे छाती उघडायला नको म्हणतात. जांघेतल्या शिरेतून नळी वर न्यायची, गाठ जाळीच्या पिशवीत धरायची, देठ फासाने कापायचा, पिशवीसकट बाहेर. पद्धत नवी. या डॉ.नी आधी दोघांवरच केलीय. सौ. त्यांच्या तोंडावर म्हणाली, "आमच्या ह्यांनी पहिल्या दोन ब्लाउजांचं कापड वाया घालवलं होतं." डॉ. हसले. मी नाही. सही केली.

२१ जून
उद्या. मशीनला तेल दिलं. भीती वाटतेय, फार.

२३ जून
काल शुद्धीवर आल्याबरोबर बोटं हलवून पाहिली. पाचही माझी. आज सौ.ने पर्समधून सुई-दोरा काढला! मी तिसऱ्या खेपेला ओवला. नर्स ओरडली. "सरी सरी, बरं बरं, झालं," म्हणत सौ.ने सुई लपवली. मग ती डोळे पुसताना मला दिसली.

२५ जून
गाठ अख्खी पिशवीत आली. पण डॉ. म्हणाले, "देठ मुळाशी स्वल्प राहिलाय. आणखी कापलं असतं तर भिंतीला भोक." कापडाला कातर लागण्यापेक्षा दोरा राहिलेला बरा, हे मला कुणी शिकवायला नको. तरी गाठ परत वाढू शकते. तीन महिन्यांनी इको.

२८ जून
घरी. सौ.ने तेच अस्तर पुढे केलं. "राहिलंय ते केवढं, काढा." गोलाच्या मधोमध ठिपका दिला. तिने गोल झटकला, गेला. ठिपका अंगठ्याने घासला. पुसट झाला, पुरता जाईना.
"राहू दे," म्हणाली. अस्तराची घडी करून मशीनच्या खणात ठेवली. सप्टेंबरात काढू म्हणाली.