वाळूवर ठेवलेला दगड

बाबा, आधी एक दुरुस्ती करते. मागच्या महिन्यात नागपूरला समुद्री मत्स्यालय ठेवणाऱ्या हौशी लोकांचा मेळावा होता आणि टँकमधल्या दगडांच्या, प्रवाळांच्या मांडणीवर बोलायला त्यांनी मला बोलावलं होतं. बोलण्याच्या ओघात मी तुमची गोष्ट सांगितली. मी अकरावीत असताना माझ्या हातानं केलेली पहिली मांडणी तुम्ही रागाच्या भरात मोडलीत, मग तुम्हाला वाईट वाटलं आणि आपण दोघांनी मिळून ती पुन्हा उभी केली, असं मी म्हणाले. लोकांना ते फार आवडलं. एक बाई डोळे पुसत जवळ आल्या. पण ते चुकीचं होतं. तुम्ही रागात नव्हता. तुम्ही आधी पंप बंद केला, दोन्ही मासे जाळीनं उचलून बादलीत सोडले, फरशी खराब होऊ नये म्हणून खाली जुनी चादर अंथरली, बाही कोपराच्या वर दुमडली आणि मग मधला दगड अलगद काढून घेतला. बाकीचे आपोआप आले. "पाह्य," तुम्ही म्हणालात, "एक काढला का सारे येते. याले मांडणी नाई म्हनत. याले ढिगारा म्हन्ते." दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाईकं उभी होती. त्यातल्या एकानं थोड्याच वेळापूर्वी तीच मांडणी जशीच्या तशी घरी हवी म्हणून मागितली होती. ती पुन्हा कोणी उभी केली नाही. दगड चादरीसकट मागच्या अंगणात गेले आणि उन्हात पांढरे पडले. तुम्हाला वाईट वाटलं होतं की नाही, हे मला माहीत नाही. तेवढं मी माझ्या मनानं घातलं, कारण मेलेल्या बापाला परक्या माणसांसमोर उघडं पाडायचा धीर झाला नाही. इथे, फक्त तुम्हालाच लिहिताना, ती अडचण नाही.

मला हे काम तुम्ही शिकवलंत, ते माझा हात बारीक होता म्हणून. वर्ध्यात स्टेशनकडच्या रस्त्यावरचं आपलं दुकान आधी गप्पी आणि गोल्डफिशचं होतं. समुद्राचं खूळ नंतर आलं, समुद्र इथून शेकडो कोस लांब असताना. दगडांच्या फटीत पडलेला मेलेला मासा काढायला तुमचा पंजा जायचा नाही, माझा जायचा. एकदा फटीतल्या केसाळ किड्याचे काटे माझ्या बोटांत शिरले आणि मी हात मागे ओढला, तर तुम्ही म्हणालात, "आधी मासा काढ, मंग रड." मी मासा काढला. पुढे मी मोठी झाले, मनगट भरलं, हात फटीत अडकायला लागला, तेव्हा तुम्ही गिऱ्हाईकाला हसत सांगितलंत, "आता हे काही कामाची राह्यली नाई."

तुमचे नियम मात्र खरे होते आणि आजही मी त्यांच्यावरच जगते. दगड आधी रिकाम्या टेबलावर मांडायचे. प्रत्येक दगड खालच्याला तीन जागी टेकला पाहिजे. मागच्या काचेला काही चिकटवायचं नाही, काच पुसणारा हात फिरला पाहिजे. प्रवाळ आज केवढं दिसतं ते पाहायचं नाही, वाढल्यावर केवढं होईल ते पाहून जागा सोडायची. आणि सगळ्यात आधी दगड टँकच्या तळकाचेवर बसवायचे, वाळू नंतर ओतायची, कारण वाळू उकरणारे मासे वाळूवर ठेवलेला दगड कधी ना कधी पाडतातच. मांडणी झाली की तुम्ही टेबलावर मूठ आपटायचात. टिकलं ते टिकलं. माणसांच्या बाबतीतही तुमची हीच रीत होती, फक्त तिथे टेबल नसायचं. आज मी गिऱ्हाइकांच्या घरी मूठ आपटत नाही, दोन्ही हातांनी हळूच टेबल हलवते. समुद्रातून काढलेले दगडही मागवत नाही, सिमेंट आणि शिंपल्यांचे घरी ओतते. एवढाच काय तो फरक. दगडांकडे मी तुमच्याच डोळ्यांनी बघते.

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतल्या आपल्या घरात आईला काय काय बंद होतं, हे मी मेळाव्यात सांगितलं नाही. पुढच्या खोलीत टँक, म्हणून स्वयंपाकघरात फोडणी बंद. तेलाचा तवंग पाण्यावर येतो, म्हणून तिची शेगडी मागच्या पत्र्याखाली, वर्ध्याच्या मे महिन्यात. देवापुढे उदबत्ती बंद. मच्छर अगरबत्ती बंद, त्यानं झिंगे मरतात. तिला डेंग्यू झाला त्या वर्षी दवाखान्यात सलाईन लावलेली असताना तुम्ही तिला पहिला प्रश्न विचारलात, टँकचं झाकण कुठे ठेवलं. घरात एसी एकच, तो प्रवाळांच्या खोलीत. आपण कूलरसमोर. शेजारच्या काकूंनी एकदा आईला विचारलं, "पोवळं त बोटात घालते ना मंगळासाठी? तुमचे हे त मंगळ पान्यातच ठेवून राह्यले," तेव्हा आई हसली आणि तुम्ही तिच्याकडे असं पाहिलंत की तिनं हसू मध्येच गिळलं.

मग तुमचा शेवटचा टँक. तेव्हा मी अमरावतीला होस्टेलवर होते. तुमच्या हाताला टँकच्या पाण्यातून काही संसर्ग झालाय, बोटांवर गाठी आल्यात, एवढं फोनवर कळलं होतं. दिवाळीला आले तर पट्टी निघाली होती, बोटांवर जांभळे वण होते आणि पुढच्या खोलीत तो नवा टँक उभा होता. डावीकडे एक मोठा दगड पुढे कललेला, विहिरीत वाकून पाहणाऱ्या बाईसारखा. उजवीकडे छोटा ठेंगणा गट. मध्ये वाळूची वाट मागे निमुळती होत गेलेली, त्यामुळे हातभर खोलीचा टँक कोसभर खोल वाटायचा. मी दारातच थांबले. तुम्ही खुर्चीवर बसून म्हणालात, "पाह्य. याले म्हन्ते काम." आई पोहे घेऊन उभी होती. पुढच्या उन्हाळ्याआधीच तुम्ही गेलात. तो टँक तसाच राहिला. त्याचे फोटो काढायला नागपूरहून लोक येतात. मी दगडाचा तो कल किती घरांत तसाच उतरवून दिला, डॉक्टरांच्या, बिल्डरांच्या, आणि प्रत्येक घरी सांगितलं की ही माझ्या वडिलांची पद्धत.

तुमच्यानंतर आईनं तुमचे सगळे नियम तसेच ठेवले, काही तर आणखी कडक केले. मी दर रविवारी जाते, पाणी बदलते, काच पुसते. दरवेळी म्हणते, आई, आता तरी आत फोडणी घाल. ती म्हणते, "पान्यावर तवंग येते ना वं." मला वाटायचं, ही अजून तुम्हालाच भिते.

गेल्या रविवारी मी तळाशी टॉर्च मारली. कललेल्या दगडाखाली माशांनी पोकळी केली आहे. दगड पुढच्या काचेकडे बोटभर सरकला आहे आणि त्याच्याखाली तळकाच नाही, वाळू आहे. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. आधी भीती वाटली, कारण आई त्याच काचेसमोर दिवाणावर झोपते. आणि मग आनंद झाला, बाबा. तुमची चूक सापडली होती. मी फरशीवर पालथी पडून हसायला लागले. "आई, हे पाह्य. साऱ्या दुनियेले शिकवलं का काचेवर ठेवा, अन सोता वाळूवर ठेवला. कोन्या गाढवानं ठेवला असा? शिकाऊ पोट्टं बी नाई ठेवत. अन म्हने, याले म्हन्ते काम. हा ढिगारा हाय, आई, चांगला दिसनारा ढिगारा." मी थांबलेच नाही. इतकी वर्षं साठवलेलं सगळं त्या दगडावर काढलं. आई दिवाणावर बसून मेथी निवडत होती. मी उठून कपडे झटकले आणि म्हणाले, हा आता मोडावाच लागेल.

"गाढवानं नाई ठेवला," ती मेथीतून मान वर न करता म्हणाली. "मी ठेवला."

मला वाटलं ती तुमची बाजू सावरते आहे. पण मग तिनं सांगितलं. "त्याईच्या हाताले पट्टी होती. डाक्टरनं पान्यात हात घालाले मना केलं होतं. ते खुर्चीवर बसून सांगत, अन मी ठेवत. दिवसभर मले बह्याड, बह्याड म्हनून राह्यले होते. इकडं कर, तिकडं कर, तुले डोये हायेत का बटनं. मंग जेवून झोपले. मी सारे काढले अन माह्या मनानं ठेवले. तो मोठा काचेवर सरका उभाच राहे, मेल्यावानी. वाळू टाकली अन ठेवला, त मस्त कलला."

"अन उठल्यावर?"

"उठले. पाह्यलं. घडीभर पाह्यतच राह्यले. मंग म्हने, राहू दे."

"अन दिवाळीत मले म्हने, याले म्हन्ते काम, तेव्हा तू तेथंच होती ना?"

"होती ना. पोहे घेऊन."

"मंग मले काऊन नाई सांगतलं? इतकी वर्षं?"

"कोनं इचारलं?" ती म्हणाली. निवडलेली मेथी तिनं ओढून घेतली. "आता बी नाई सांगत होती मी. पन तू निरा त्याईच्यावानी बोलून राह्यली होती. तेच शब्द. म्हनलं, हिले तरी माहीत पडू दे का कोनाले बोलून राह्यली."

मी खाली बसले. तिची माफी मागावी असं वाटलं, पण आमच्या घरात ती कशी मागतात हे कोणी दाखवलेलं नाही, म्हणून मी कामाचं बोलले. आजकाल दगडाला भोक पाडून आत सळी घालता येते, सांधा चिकटवता येतो. तसं केलं तर तो काचेवरही असाच कलेल, तसूभर फरक नाही पडणार. मी करून देते. आईनं टँककडे पाहिलं. तिच्या दगडावर इतक्या वर्षांत प्रवाळ पसरून एकात एक मिसळलं आहे. दगड वेगळे करताना ते फाटणार, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. रोज तीच त्याच्यासमोर झोपते आणि उठते. "तुह्या सळीनं उभा राह्यला," ती म्हणाली, "त मंग तो तुहा होईन. तुह्या बापाचा झाला, आता तुहा. राहू दे. मी काढन, मीच ठेवन, काचेवर. कसा राहीन तसा राहू दे." मी म्हणाले, काचेवर तो सरळ उभा राहील, मेल्यावानी, तूच म्हणालीस. ती म्हणाली, "मंग दुसरा ठेवन." दिवसही तिनंच ठरवला. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन येतात, बोजारा म्हणून पैसे-खाऊ घेतात आणि टँकच्या काचेला नाकं लावून उभी राहतात. त्याच्या आधी झालं पाहिजे.

तुम्ही "राहू दे" म्हणालात, त्या घडीभराचा मी आठवडाभर विचार करते आहे. चूक तुम्हाला दिसली असणार. वाळूवर ठेवलेला दगड तुम्हाला दिसला नाही, हे मी मानत नाही. माझी मांडणी दोन गिऱ्हाईकांसमोर मोडायला तुम्हाला चादर अंथरण्याएवढा वेळ होता, आणि आईची चुकीची, कधीतरी पडणारी मांडणी तुम्ही ठेवून घेतलीत, स्वतःची म्हणून. ती तुमच्यापेक्षा चांगली होती म्हणून ठेवलीत, हे मी तुमच्या बाजूनं लिहिते आहे. ती तुमच्यापेक्षा चांगली होती म्हणूनच तिचं नाव घेतलं नाहीत, हेही लिहिते. तुमच्यानंतर कोणावर पडेल याचा विचार तुम्ही केला असेल, असं दाखवणारी एकही गोष्ट मला आठवत नाही, आणि मी मनापासून शोधली.

आईला मी शब्द दिला आहे की पाण्यात हात फक्त तिचे जातील. मी बादल्या धरीन, मासे सांभाळीन, तुमची खुर्ची खोलीबाहेर काढून ठेवीन आणि इकडं कर, तिकडं कर म्हणणार नाही. ती म्हणाली, "पाहू." तिला एक गोष्ट मात्र सांगितली नाही, आणि ती सांगायला तुमच्याशिवाय दुसरं माणूस नाही. तो दगड तुमचा होता तोवर तो निघताना पाहायची मला घाई होती. आता तो आईचा आहे, आणि घाई तेवढीच आहे. शनिवारी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, पोरं यायच्या आत तो निघेल.