दुसरा ‘टक्’ होईपर्यंत

प्रिय ठमे,

चिमणीचा फोटो पोचला. बॉबकट गोड दिसतोय, लेकीला सांग. त्याबद्दल शेवटी लिहिते, आधी माझं रडगाणं ऐक. फोनवर तू मला दोन वाक्यं धड पुरी करू देत नाहीस आणि विषय बदलण्यात तर तुझा हात कुणी धरणार नाही, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांनी माझा संधिवात आटोक्यात येईना, हे तुला ठाऊक आहेच. वयामुळे होतो तो नव्हे, आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उलटतं, तो. शेवटी माझ्या डॉक्टरीणबाईंनी शरीराचं हे उलटणं दाबणारं बायोलॉजिक औषध सुचवलं आणि वर म्हणाल्या, निवड तुमची. एक औषध दवाखान्यात जाऊन सलाईनमधून घ्यायचं, दुसरं पंधरवड्यातून एकदा घरीच स्वतःला टोचून घ्यायचं. दोन्हींच्या आधी क्षयाची तपासणी, दोन्हींनी जंतुसंसर्गाची भीती. अगं, मी जनावरांची डॉक्टर! मी कधी म्हशीला विचारते का, बाई गं, तुला यातलं कुठलं आवडेल म्हणून? अशी चीड आली! नवऱ्यानं माहितीपत्रक मोठ्यानं वाचायला घेतलं आणि दुष्परिणामांपाशी पोचताच त्याचा आवाज बातम्या देणाऱ्यासारखा झाला. जाऊबाईंनी तांब्याचं कडं पाठवलं. शेजारच्या काकूंच्या मते मी फार विचार करते म्हणून बोटं सुजतात. विचार न करता जगलेल्या त्या एकट्याच, त्यांची बोटं कशी ठणठणीत आहेत बघ. शेवटी मी घरचं इंजेक्शन निवडलं, कारण स्वतःचा दवाखाना बंद ठेवून दुसऱ्याच्या दवाखान्यात हात पसरून बसणं मला सोसलं नसतं. चावे-ओरखड्यांपासून जपायचं, ताप आला तर टोचण्याआधी फोन करायचा, असं सगळं कबूल केलं.

नर्सताई शिकवायला बसल्या, त्यांना मी अर्ध्यावरच थांबवलं. सुया टोचण्यात माझा जन्म गेला, मला काय शिकवता? प्रकार तसा सोपा. जाड पेनासारखी वस्तू, सुई आत लपलेली. मांडीवर दाबून धरायचं, पहिला ‘टक्’ झाला की औषध सुरू, दुसरा झाला की संपलं. घरी येऊन मी पेन फ्रिजमधून काढलं, त्याचा गारठा जाईपर्यंत थांबले, मांडी पुसली आणि बसले. बसले ती बसलेच. गुरगुरणाऱ्या कुत्र्याची मानगूट धरणारी मी पेनावरची तारीख पुन्हा पुन्हा वाचत होते. नवरा दारात माहितीपत्रक घेऊन उभा. एकदाचं डोळे मिटून दाबलं, ‘टक्’ झालं, आणि मी झटक्यात पेन उचललं! जनावराला टोचताना सुई गेली, औषध गेलं, की ते वळून चावायच्या आत हात बाहेर काढायचा, ही माझी सवय. इथे मला कोण चावणार होतं? पण हाताला कोण सांगणार? उरलेलं औषध मांडीवरून ओघळून सोफ्यात जिरलं. आपल्या सोफ्याला आता संधिवात व्हायचा नाही. त्यात नवरा, मी कुत्र्यांना म्हणते तसं, शाबास गं माझी शहाणी, असं म्हणाला. मी उशी फेकून मारली. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या आधी पोटभर हसल्या आणि मग म्हणाल्या, मनानं दुसरं टोचू नका, पुढच्या तारखेला घ्या.

पुढच्या खेपेला दोन्ही हातांनी पेन धरलं आणि दुसरा ‘टक्’ होईपर्यंत सोडलं नाही. चुरचुरतं, नाही असं नाही. सरावानं भीती निम्मी झाली, निम्मी आहेच. पण हळूहळू सकाळी बरण्यांची झाकणं उघडायला लागली, शर्टाची बटणं माझी मी लावते. फक्त उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. ते सांधे औषध सुरू व्हायच्या आधीच गेले होते. मांजरीच्या पोटाला बारीक टाके घालणं मला आवडायचं, ते आता दवाखान्यातली दुसरी डॉक्टर घालते. ती टाके घालत असते तेव्हा मी तिथून उठून जाते. वाईट वाटतं गं, फार वाटतं.

आता बॉबकटाबद्दल. चिमणीच्या कमरेइतक्या केसांवर तुझा जीव. तिची वेणी घातल्याशिवाय तू चहासुद्धा घेत नव्हतीस. उन्हाळ्यासाठी कापले म्हणतेस, इथे तर थंडी पडलीय! परवा व्हिडिओवर तू कप दोन्ही तळव्यांत धरला होतास आणि अंगठी गळ्यातल्या साखळीत होती. मी विचारलं, तर तू मला पडद्यांचा रंग दाखवायला लागलीस. ठमे, आजारी प्राणी दुखणं कसं लपवतात, हे ओळखण्यावर माझं पोट चालतं, तू मला काय बनवतेस? माझ्या डॉक्टरीणबाईंकडे मंगळवारची सकाळची वेळ तुझ्या नावानं घेतली आहे. तुझ्यासोबत मी येते, नाही आलीस तर घरी येऊन बखोटीला धरून नेईन. कदाचित काहीच निघणार नाही, मग मला पोटभर हस. निघालंच, तर पेन मी धरते, दुसरा ‘टक्’ होईपर्यंत. चिमणीचे केस पुन्हा वाढतील गं. ते वाढतील तेव्हा वेणी तुलाच घालायचीय.

तुझीच,
सुईला घाबरणारी ताई