दादाच्या पायाचं माप

सौ. वहिनींना,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (खरंच वाकून. कंबर सरळ होत नाही, कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा कसा आहे, बाळाला दात आले का, दादा कधी माझं नाव काढतो का? शेवटचं आपलं सहज विचारलं.

आठ महिन्यांपूर्वी कामासाठी निघताना मी दादाची सायकल न विचारता ट्रकवर टाकली आणि तेव्हापासून तो कामाला पायी जातो, हे मी विसरलेलो नाही. सायकलही विसरली नाही. दादा शिडीएवढा, मी स्टुलाएवढा. सीटवर बसलो की पाय पेडलला पुरत नाहीत. थांबायचं तर आधी फुटपाथ शोधायचा, फुटपाथ नसला तर माणूस. (एकदा गोदामाचे मॅनेजर सापडले. ते अजून जरा तिरकेच चालतात.)

शेवटी सुट्टीच्या दिवशी सायकल खोलीत घेतली. सीटखालची दांडी गंजून बसलेली. तेल सोडलं, हातोडीने ठोकली. खोलीतला आचारी कॉटवरून न उठता म्हणाला, "सीटचं नाक वर कर." वेल्डर म्हणाला, "खाली कर, नाहीतर लग्नाचा विचार सोड." मी आळीपाळीने दोघांचंही ऐकलं, म्हणून ही कंबर. दांडी बोटभर उतरली आणि आत अडली. मग मी शहाणपणा केला. ती उपसून खालून चार बोटं कापली. भिंतीला टेकून बसलो तर पाय बरोब्बर पुरले. चप्पल घालून रस्त्यावर आलो तर पुन्हा लोंबकळले. खोलीत मी कामावरचे जाड तळाचे बूट घालून माप घेतलं होतं. परत आलो आणि आणखी चार बोटं कापली.

खाली पडलेला तुकडा उचलला तर त्यावर कानशीची बारीक खूण. दादाला नोकरी लागली त्या दिवशी मी सायकल धरून उभा होतो, तो सीट वरखाली करत होता आणि "हां, इथंच" म्हणून त्याने दांडीवर ही खूण केली होती. ती मी करवतीने कापून काढली, वहिनी. आता सीट माझ्या मापाची झाली आहे आणि माझ्याच्याने तिच्यावर बसवत नाही.

नवी लांब दांडी आणली आहे. सायकल पुढच्या महिन्यात परत पाठवतो. तिच्यावर दादाची खूण कुठे करायची विचारलं तर सायकलवाला म्हणतो, "पायाचं माप आण, नाहीतर माणूस आण." माणूस काही येणार नाही. तेव्हा रविवारी दुपारी दादा आडवा झाला की सुतळीने टाचेपासून वरपर्यंत माप घ्या. (किती वर, ते दिराने वहिनीला लिहू नये.)

तुमचा,
न विचारता नेणारा

ता. क. जागा झालाच तर शिंप्याने मागितलंय म्हणा.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आत वेल्डरने पत्र वाचलं आणि म्हणाला, "गाढवा, कापलेले तुकडे दांडीला जोडून धर, माप निघेल." निघालं. नव्या दांडीवर खूणही करून झाली. तरी तुम्ही माप घ्याच. मात्र दादा जागा असताना, आणि मी मागितलंय असं सांगून. तो काय म्हणतो ते जसंच्या तसं कळवा. शिवी असली तर तीही पूर्ण लिहा.