दोन्या होर्तेन्सियाची लाइन

सोमवार, ३ जून
१. फेरीने खाडी ओलांडून दुपारी कास्त्रोला पोचले. समुद्र शांत.
२. खोली मिळाली. मालकीणबाईंनी गरम मिल्काओ दिला, बटाट्याचा. दोन खाल्ले.
३. ऑफिसात एक सर्व्हर आणि एक साहेब, दॉन एलेउतेरियो.
४. बेटांवर एकट्या राहणाऱ्या बत्तीस वृद्धांना सर्व्हर रोज तीनला फोन लावतो. साठ सेकंदांत कोणी बोललं नाही, तर टायमरची घंटा वाजून प्रोग्रॅमने फोन ठेवायचा, नर्सला कळवायचं, पुढचा नंबर लावायचा.
५. २५ मेपासून तो पहिल्याच नंबरवर अडकलाय. बाकी एकतीस जणांना फोन नाही.

इथे मला आवडेल असं वाटतं.

मंगळवार, ४ जून
प्रोग्रॅम मी हाताने चालवला तर घंटा वाजताच फोन ठेवतो. रोजच्यासारखा आपोआप सुरू झाला की नाही. प्रोग्रॅममध्ये चूक नाही. त्याला सुरू करणाऱ्या छोट्या फाइलीत माझ्या आधीच्या रोलांदोने ‘घंटेकडे दुर्लक्ष कर’ अशी ओळ घातलीय, आणि ते दुर्लक्ष प्रोग्रॅमकडे वारशाने येतं.

नळीने माते चहा ओढत दॉन एलेउतेरियो म्हणाले, मुद्दामच घातलीय. म्हातारी माणसं फोन उचलून बाजूला ठेवतात, चुलीत लाकूड सारतात, कोंबड्या हाकलतात, मग बोलायला येतात. त्यांच्याआधी आपण फोन ठेवायचा नसतो. तुमच्या सांतियागोत ठेवत असतील, पोरी. इथे ठेवलास तर आख्खं बेट विचारेल, आईने हेच शिकवलं का.

एकतीस जण वाट बघतायत, एवढंच मी म्हटलं.

बुधवार, ५ जून
अडकलेली लाइन तोडण्याआधी ऐकली. चुलीची तडतड. खुर्ची सरकली. बाईचा म्हातारा आवाज म्हणाला, येते, पोरी, थांब.

दॉन एलेउतेरियोंनी कपाट उघडलं. पहिला नंबर जिचा, त्या दोन्या होर्तेन्सियाचा फोन आत होता, वायर गुंडाळलेली. ती २४ मेला गेली. शवपेटीला त्यांनी स्वतः खांदा दिला होता. यादीतून नाव कोणीच काढलं नाही.

दुसरी एखादी लाइन मिसळली असावी, अशी नोंद केली. नाव काढलं, रोलांदोची ओळ काढली. तीनला एकतीस फोन गेले. तीस बोलले. दॉन आबेलिनो नाही. साठाव्या सेकंदाला घंटा, फोन बंद, नर्सला निरोप. सगळं बरोबर.

गुरुवार, ६ जून
नर्सची बोट पोचली. दॉन आबेलिनो फोनशेजारच्या खुर्चीत. जाऊन आठवडा झाला असावा. त्या आठवड्यात फोन गेला असता तर

तीनला प्रोग्रॅम त्यांच्याच नंबरवर अडकला. घंटा वाजली, तशी नोंद आहे. तरी फोन सुटला नाही. ऐकलं. दॉन आबेलिनोंचा आवाज हळू म्हणाला, इतका उशीर, मुली? मी बसूनच होतो.

शुक्रवार, ७ जून
जबरदस्तीने तोडला. नाव काढलं. तीस फोन, एकोणतीस बोलले. दोन्या रोसाल्बा नाही. परवाच्या फोनवर ती चांगली हसत होती. कोंबडी अंड्यावर बसलीय, सांगत होती.

शनिवार, ८ जून
रोसाल्बा गेली. लाइन तिच्या नंबरवर अडकलीय. दॉन एलेउतेरियो म्हणतात, जूनच्या थंडीत म्हातारी माणसं जातातच. माझ्याकडे बघत नाहीत.

सोमवार, १० जून
तोडली नाही. कोणी गेल्याची खबर नाही. कोणाला फोनही नाही. बेटांवरच्या त्या फोनांना फक्त हीच लाइन लागते — मोबाइलवरून करून पाहिलं.

लाइनवर रोसाल्बा म्हणते, ठेवू नकोस. तिच्या मागे आणखी दोघांचे आवाज आहेत. तेही तेच म्हणतायत —

मंगळवार, ११ जून
फोन नाही म्हणून नर्स घरोघरी जातेय, बोट एकच. वारा. एकोणतीस घरं. आज दोनच झाली.

बुधवार, १२ जून
दॉन एलेउतेरियो, हे पान तुमच्या टेबलावर ठेवते आहे. लाइन धरून ठेवली तर एकोणतीस जण एकटे. तोडली तर त्यांतला एक रोसाल्बासारखा जाईल — कोण, ते कळत नाही. हे मला एकटीला ठरवता येत नाही. तोडू की थांबू, कृपया शुक्रवार, १४ जूनपर्यंत लेखी कळवा. तोवर मी रिसीव्हर कानाला लावून बसते. पावलं जवळ आलीयत, होर्तेन्सिया म्हणतेय, आले, पोरी, आता तू —