इंजिन चालूच ठेवणाऱ्या अण्णांना

प्रिय अण्णा,

आज सकाळी मी काकांशी कडाकडा भांडले. तुमच्या त्या धिप्पाड पांढऱ्या गाडीवरून! घरात माझं कुणी ऐकेना, म्हणून आता तुम्हालाच ऐकवते. तुम्हाला मध्येच उठून जाता येणार नाही, तेवढं बरं.

तुम्ही गेल्यापासून गाडी दारातल्या लिंबाखाली उभी आहे. रोज सकाळी काका तिला हार घालतात, तुमच्या सीटच्या कडेला कसेबसे टेकतात आणि इंजिन चालू करून थोडा वेळ घुरघुरू देतात. आई शेजारी हात जोडून उभी. "ह्यो ह्यांचा आवाज हाय," म्हणते. मग बंद. फाटकाबाहेर गाडी न्यायची नाही. का, तर झिजेल!

आज स्टिअरिंगसमोर पिवळा दिवा लागला आणि इंजिन गचके द्यायला लागलं. काका म्हणाले, "अण्णा रुसले." कशाचे रुसले हो? मी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. ते म्हणाले, धूर बाहेर पडू नये म्हणून या डिझेल इंजिनाला जाळी असते. तिच्यात काजळी साठते. गाडी मोठ्या रस्त्यावर जोरात पळवली की ती काजळी आपोआप जळून जाते. जाग्यावर चालू ठेवली की साठतच राहते, आणि शेवटी इंजिनाचा जीव जातो.

म्हणजे पूजा करून करूनच मारताहेत की गाडीला! हे सांगितलं तर काका माझ्यावरच उखडले. "चार बुकं शिकलीस म्हून आमाला मोटार शिकवतीस व्हय?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, अण्णा.

आणि ही खोड लावली कुणी? तुम्हीच ना!

लग्न असो, मयत असो, तुम्ही दारात गाडी उभी करायचात आणि इंजिन चालूच ठेवायचात. मी एकदा विचारलं, तर म्हणालात, "इंजिन चालू दिसलं की लोक चहाचा आग्रह करत न्हाईत." पुढाऱ्याला दहा घरं गाठायची असतात, मान्य. पण माजलगावात माझ्या दारात आलात तरी तेच? मी आधण ठेवायची, आलं ठेचायची, आणि तुम्ही उंबऱ्यातूनच "बरी हाईस ना?" म्हणून माघारी. लेकीच्या घरीसुद्धा घाई! कप भरलेला तसाच राहायचा. लई राग यायचा मला. अजून येतो.

गाडी नवी होती तेव्हा मांजरसुंब्याच्या घाटात कार्यकर्ते कोंबून तुम्ही आम्हाला तिची ताकद दाखवलीत. चढावर हूं की चूं नाही. "बघा, हत्तीचं बळ हाय, आन् खाणं शेळीचं! आपली जुनी जीप ह्याच्यापेक्षा जास्त डिझेल प्यायची." काय तो तुमचा चेहरा! मी म्हटलं, मला चालवू द्या. "तुला न्हाई झेपायचं." तुमचा ट्रॅक्टर चालवलेली मी, अण्णा! तेव्हा कुठं गेलं होतं तुमचं कौतुक?

आई त्या दिवशीही मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये दाटून बसली होती. पुढं बसायचा मान कायम कुठल्यातरी कार्यकर्त्याचा. तुमच्या कधी ध्यानात तरी आलं का?

दुपारी मी माजलगावला परतायला रागारागानं पिशवी भरत होते. आई आली. तिनं विचारलं, "खरंच बंद पडंल का गं?" मी म्हटलं, पडेल. ती देवघरात गेली आणि गाडीची चावी आणून माझ्या हातात ठेवली. "घे. पर मला पुढं बसायचं हाय." ओट्यावरून काका ओरडले, "वैनी, अण्णांची गाडी हाय ती!" आई वळली आणि म्हणाली, "आन् मी कुणाची हाय?"

मला हसूही आलं आणि रडूही.

तर अण्णा, उद्या सकाळी आम्ही दोघी निघतोय. हार काढून ठेवीन. बीडवरून गढी गावापर्यंत मोठ्या रस्त्यानं तुमची गाडी अशी पळवीन की साठलेलं सगळं जळून जाईल. मग माजलगावला माझ्या दारात उभी करीन आणि इंजिन बंद करीन. आईला आत नेईन. चहा टाकीन, आलं घालून. एक कप तुमचाही भरीन. वचन देते, या वेळी तो गार होईपर्यंत गाडी चालू होणार नाही.

तुमचीच,
शकू