अंजनावरचं बिऱ्हाड

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

होटगीत पोचलो एकदाचा! स्टेशनमागे खोली मिळाली. एकट्या माणसाला दोन पलंग. मालकीणबाई म्हणाल्या, दुसरा जड आहे, हलायचा नाही. म्हटलं राहू दे, चादर वाळत घालू. चौतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरण्या पुसल्यावर निवृत्त माणसाला पतंग मोजायचं काम मिळतं, म्हणजे देव आहे. मंद्रूपच्या वाटेवरचं जुन्या झाडांचं रान मालकानं लाकडासाठी विकलंय. तोडीआधी दिव्यावर किती जातींचे पतंग येतात आणि तोडीनंतर किती, एवढं पुण्याच्या संस्थेला कळवायचं.

रविवार, ६ ऑक्टोबर

रानात दिव्याखाली पेटी ठेवतो, पेटीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. उजाडताना जावं तर खाचाखाचांत पतंग निजलेले असतात. आज एकसष्ट जाती. धावड्यावरचे वेगळे, खैरावरचे वेगळे. प्रत्येकाच्या सुरवंटाला आपापल्याच झाडाचा पाला लागतो, दुसरा तोंडात घेणार नाहीत. आमची चेतना लहानपणी अशीच होती, वरणभाताशिवाय काही चालायचं नाही.

तिचा फोन आला. दर रविवारचं पालुपद : बाबा, माझ्याकडे या की, जागा भरपूर आहे. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून हेच. मी दर वेळी टाळतो. फोन ठेवला की मात्र खोली फार मोठी वाटते.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

तोड सुरू होऊन आठवडा झाला. तोडणाऱ्यांचा मुकादम बिरप्पा मैंदर्गीचा, आपसात कानडी, माझ्याशी मराठी. त्याची एक रीत आहे. झाड पाडायच्या आदल्या संध्याकाळी बुंध्याशी हळदकुंकू आणि भाकरीचा तुकडा ठेवतो, खोडाला हात लावून आतल्या बिऱ्हाडांना उठायला सांगतो. वर पत्ताही देतो. म्हणाला, "नुसतं उटा म्हनून न्हाय चालत, सर. कुटं जायाचं त्येबी सांगावं लागतंय." आजवर त्यानं सगळ्यांना रानाच्या मधल्या थोरल्या अंजनाच्या झाडावर पाठवलंय.

मी हसलो. पण पेटीत आता एकोणीसच जाती उरल्यात आणि अंजनाच्या खोडावर बोट ठेवायला जागा नाही. सालीच्या रंगाचे पंख, एकावर एक.

सोमवार, २१ ऑक्टोबर

अंजनावरही तोडीचा लाल आकडा पडला. बिरप्पा बिथरला. आता पत्ता कुठला देणार? आसपास झाडच उरलेलं नाही. मला म्हणाला, "तुमीच सांगा. रोज मोजताय, तुमास्नी वळखत्यात." त्याचं मन मोडवेना. थट्टेची सवय वाईट, खोडावर हात ठेवला आणि चेतनाचंच वाक्य म्हटलं : माझ्याकडे या की, जागा भरपूर आहे.

बिरप्पा हसला नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर

अंजन काल पडला. आज पेटी रिकामी.

परतलो तर दुसऱ्या पलंगावरची चादर करडी दिसली. जवळ गेलो तेव्हा ती हलली.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

खिडक्या उघडून झाल्या, झाडून झालं. जात नाहीत. मी रस्त्यावर गेलो की शर्टाच्या आत येतात. डाव्या कानामागे बारीक दाण्यांची ओळ लागते हाताला. खरवडली तर पुन्हा आली.

कुणापाशी बोलणार नाही, पण इथं लिहितो. रात्री बरं वाटलं. तीन वर्षांनी कुणीतरी अंगाला लागून होतं.

शनिवार, २६ ऑक्टोबर

दाणे फुटले. सुरवंट मलाच खातात, दुखत नाही. दंडाची कातडी खरखरीत झालीय, नख मारलं तर उमटत नाही.

बिरप्पा आला, दारातूनच हात जोडले. म्हणाला, "हितं बसली आता. आपनहून उटायची न्हाईत. दुसऱ्या कुनी घरात बोलावलं तरच. तसं कुनाला बोलू देऊ नका, सर."

मी लगेच चेतनाला मेसेज केला : येऊ नकोस. मी ठीक आहे. फोन करू नकोस.

रविवार, २७ ऑक्टोबर

तिचे नऊ फोन. घेतले नाहीत. ती बोलेल ते वाक्य मला पाठ आहे.

मेसेजनं घाबरली असणार. गाढव मी. नेहमीसारखी थट्टा करायला हवी होती.

सोमवार, २८

पाय उचलत नाहीत. तोंडात जाळं — पांढरं, रेशमासारखं. काढतो, पुन्हा भरतं. हात अजून चालतो. संध्याकाळी तिचा मेसेज : रात्रीच्या गाडीनं निघते.

मंगळवार

रिक्षा थांबली. तिची चप्पल ओळखू येते मला — लहानपणापासून डावा पाय घासते.

दार वाजवतेय. मालकीणबाईंना विचारतेय. रडतेय बहुतेक. बाबा, दार उघडा.

ओरडायचंय. तोंड — कागद दाराखालून सरकवावा तर पाय —

म्हणतेय एकटे का राहिलात, किती वेळा सांगितलं तुम्हाला

चेतना, पुढचं नको म्हणू. नको गं

म्हणाली.

सगळ्यांनी एकदम पंख उघडले. अंग हलकं होतंय. किती वर्षांनी इतकं रिकामं — दाराच्या फटीकडे, सगळे, रांगेनं

चेतना पळ