नमुन्याची बाटली

प्रिय तपासनीस बाई,

त्या मंगळवारी तुझ्या हातातली नमुन्याची बाटली मी घेतली, तिथेच सगळं बिनसलं. "नाल्यावर चिखल आहे, मी भरून आणतो," म्हणालो. तू हसलीस. "आपलं कॉलेज सुटलं, पण तुझी हिरोगिरी काही सुटली नाही!" त्या हसण्यावर मी पुरता विरघळलो, तरीही बाटली धरली ती आमच्या कारखान्यातल्या पिण्याच्या नळाखाली.

बाबांनी तसं बजावलं होतं. टोमॅटोच्या साली काढायला वापरतो ते कॉस्टिक सोड्याचं जहाल पाणी आम्ही तसंच नाल्यात सोडतो. ते सापडलं असतं तर कारखान्याला टाळं लागलं असतं.

आता त्याच पाण्याने खालच्या शेतातली रोपं करपली आहेत आणि 'पाणी स्वच्छ' या अहवालावर सही तुझी आहे. बाटली स्वतःच भरायची, हा नियम तू माझ्या भरवशावर मोडलास. तुला निलंबित केलं, तरी माझं नाव घेतलं नाहीस.

खरं सांगून टाकतो म्हटल्यावर बाबा म्हणाले, "तिच्यापायी माझी चूल विझवणार?" मी या वेळी खरोखर नाल्यावर जाऊन बाटली भरली.

हे पत्र तुला पाठवत नाही, बाबांसाठी टेबलावर ठेवतो. तुझ्या साहेबांना ही बाटली देऊन सगळं तोंडानेच सांगेन. निघालो. दार बाहेरून ओढून घेतो.

तुझ्या विश्वासाला न जागलेला,
मी